पलटी नांगराचा हायड्रॉलिक सिलिंडर : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

रब्बीची पिके निघाली की चैत्र-वैशाखात काळ्या जमिनीच्या भागात खोल नांगरटीस आरंभ होतो. मृगाच्या पावसापूर्वी ढेकळे तापून निघावीत, हराळीच्या काश्या उघड्या पडून वाळाव्यात, जमिनीत दडलेले किडींचे कोष उन्हाने व पक्ष्यांनी नाहीसे व्हावेत, असा या नांगरटीचा हेतू असतो. हे काम आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पलटी नांगराने केले जाते. तासाच्या शेवटी चालक लिव्हर हलवितो, नांगर उलटतो आणि ट्रॅक्टर त्याच तासाला लागून परत फिरतो. हे उलटविण्याचे काम करणारा लहानसा सिलिंडर जोवर नीट चालतो, तोवर त्याच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. तो झिजला म्हणजे मात्र नांगर मध्येच उभा राहतो, किंवा धाडकन दुसऱ्या बाजूस कोसळतो, आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर बांधावर थांबतो.

अशा वेळी शेतकरी बंधूंपुढे एकच प्रश्न उभा राहतो : जुना सिलिंडर दुरुस्त करावा की नवा आणावा? कोणी सवयीने सील बदलून घेतो, तर कोणी घाईने नवा सिलिंडर विकत आणतो. दोन्ही मार्ग योग्य ठरू शकतात व दोन्ही चुकूही शकतात. निर्णय कसा घ्यावा, याची रीत या लेखात सांगण्याचा विचार आहे.

एक अनुभव

नोकरीच्या आरंभीच्या काळात प्रस्तुत लेखकाच्या हातून या बाबतीत एक चूक घडली. एका वयस्क शेतकऱ्याचा पलटी नांगर अडू लागला होता. सिलिंडरच्या तोंडातून तेल गळत होते. "काका, सील गेले असेल, ते तेवढे बदलून घ्या," असा सल्ला मी त्यांना दिला. सील बदलले, नांगर चालला. पण आठवड्याभरातच पुन्हा गळू लागला. पुन्हा सील घातले. तिसऱ्या वेळी ते सिलिंडर घेऊन तालुक्याच्या गावी एका जुन्या लेथवाल्याकडे गेले, तेव्हा मीही सोबत होतो. त्या कारागिराने रॉड पुसला, त्यावरून अंगठ्याचे नख फिरविले आणि तो म्हणाला, "साहेब, सील बिचारे काय करील? रॉडलाच करवतीचे दात आले आहेत."

रॉडवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते. प्रत्येक फेऱ्यास ते खड्डे नव्या सीलची कड खरवडीत होते. तिन्ही वेळा मिळून नांगर नऊ दिवस बंद राहिला. तेवढ्यात वळवाचा जोरदार पाऊस झाला, काळी जमीन चिखलली आणि काकांची व शेजाऱ्यांची मिळून बरीच जमीन त्या वर्षी नांगरावाचून राहिली. ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. काकांनी मला दोष दिला नाही. तथापि तेव्हापासून रॉड व बॅरल पाहिल्यावाचून सील बदलण्याचा सल्ला मी कोणास दिलेला नाही.

सिलिंडर कसे काम करतो

हायड्रॉलिक उचलीची शेतीतील परंपरा फार जुनी नाही. हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याने तीन बिंदूंची जोडणी व हायड्रॉलिक उचल यांची सांगड घातली आणि तशी रचना असलेला त्याचा ट्रॅक्टर १९३६ साली विक्रीस आला. त्यामागील तत्त्व मात्र साधे आहे. बंद जागेतील तेलावर दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखा पोहोचतो. म्हणून दाब कायम ठेवून पिस्टनचे क्षेत्रफळ वाढविले की बळही त्या प्रमाणात वाढते.

पलटी नांगराचा सिलिंडर दुहेरी कामाचा असतो. एका तोंडाने तेल गेले की रॉड बाहेर येतो, दुसऱ्या तोंडाने गेले की आत जातो. समजा, बॅरलचा आतील व्यास ६३ मि.मी. व रॉडचा व्यास ३२ मि.मी. आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौ. सें.मी. होते. दर चौ. सें.मी. ला १५० कि.ग्रॅ. दाब असता रॉड बाहेर ढकलण्याचे बळ सुमारे ४,६७० कि.ग्रॅ. भरते. उलट बाजूस रॉडने ८ चौ. सें.मी. जागा अडविलेली असल्याने ओढण्याचे बळ सुमारे ३,४७० कि.ग्रॅ. एवढेच मिळते, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी. पुष्कळ पलटी नांगरांत रॉड आत ओढला जात असताना नांगर वर येतो व मध्यबिंदू ओलांडल्यावर रॉडच्या ढकलण्याने पलीकडे जातो. जड काम कमी बळाच्या बाजूकडे असल्याने आतल्या आत तेल निसटू लागले की दोष प्रथम नांगर वर येतानाच दिसतो.

पिस्टनवरील सील तेलास एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ देत नाही. तोंडाशी असलेल्या ग्लँडमधील सील तेल बाहेर येऊ देत नाही. ग्लँडच्या बाहेरील वायपर रॉडवरील माती पुसून काढतो. सील रबराचे किंवा तत्सम पदार्थाचे असते व ते झिजण्यासाठीच असते. रॉड व बॅरल मात्र गुळगुळीत राहिले तरच सील टिकते. निर्णयाचे मर्म येथेच आहे.

दोष खरोखर सिलिंडरचाच आहे काय?

सिलिंडर खोलण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. तेलाची पातळी कमी असणे, फिल्टर तुंबणे, होज पाइपचे कपलिंग पुरते न बसणे, पंप झिजणे किंवा ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून दाब निसटणे, या कारणांनीही नांगर मंदावतो. सर्वांत सोपी परीक्षा अशी : कपलिंगची तोंडे स्वच्छ पुसून तोच नांगर दुसऱ्या सुस्थितीतील ट्रॅक्टरला जोडून पाहावा. दोष नांगराबरोबर गेला तर तो सिलिंडरमध्ये किंवा नांगरावरील पलटीच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. दोष मागे ट्रॅक्टरजवळच राहिला तर नव्या सिलिंडरवर केलेला खर्च व्यर्थ जाईल.

यानंतर आतील गळती पाहावी. नांगर जमिनीवर टेकवून त्याला आधार द्यावा. रॉडच्या टोकाची पिन काढून सिलिंडर मोकळा करावा आणि रॉड पूर्ण बाहेर आणावा. इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंस हलवावी, म्हणजे पाइपातील दाब उतरतो. मग रॉडकडील पाइप सिलिंडरच्या तोंडापासून सोडून त्याचे टोक बूच लावून बंद करावे व सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली भांडे ठेवावे. इंजिन मंद गतीने चालवून लिव्हर रॉड बाहेर जाण्याच्याच दिशेने काही क्षण धरावी. थोडेसे तेल येऊन थांबले तर पिस्टनचे सील त्या टोकाशी चांगले आहे. तेल वाहतच राहिले तर ते पिस्टनवरून निसटत आहे, असे समजावे. रॉड पूर्ण आत नेऊन व दुसरे तोंड उघडून हीच परीक्षा उलट बाजूने करावी. या वेळी उघड्या तोंडासमोर कोणीही उभे राहू नये. बॅरलच्या मधल्या भागातील झीज मात्र या परीक्षेत कळत नाही. ती खोलल्यावरच पाहावी लागते.

जुने सील टाकून देऊ नये

सिलिंडर खोलल्यावर कारागीर बहुधा जुने सील कचऱ्यात टाकतो. शेतकऱ्याने ते मागून घ्यावे व उजेडात पाहावे, कारण दोषाची साक्ष त्यावर उमटलेली असते.

सील कडक होऊन चिरले असेल तर ते वयाने अगर तेल फार तापल्याने गेले आहे. रॉड व बॅरल चांगले असल्यास केवळ सील बदलणे पुरे. सील एकाच बाजूने झिजले असेल तर रॉड वाकलेला, ग्लँडचा बुश ढिला किंवा पिनांची भोके झिजलेली असण्याचा संभव आहे. पिस्टनच्या सीलची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल तर पिस्टन व बॅरल यांमधील फट वाढून दाबाखाली सील त्या फटीत शिरत आहे. सीलवर उभे ओरखडे असतील तर मातीचे कण आत गेले आहेत किंवा रॉडवर अगर बॅरलमध्ये चरे आहेत. सील फुगून मऊ झाले असेल तर त्यास न मानवणारे तेल वापरले गेले आहे. हायड्रॉलिकच्या तेलात ब्रेक ऑइल मिसळण्याने असे होऊ शकते.

रॉड व बॅरल यांची तपासणी

रॉड पुसून त्यावरून नख आडवे-उभे फिरवावे. नख अडकेल असा चर किंवा खड्डा आढळल्यास त्या रॉडवर नवे सील घालू नये. रॉडवरील क्रोमचा थर सामान्यतः ०.०२ ते ०.०३ मि.मी. एवढाच असतो. तो निघून आतील लोखंड उघडे पडले की गंज वेगाने पसरतो. पॉलिश पेपरने घासून तो भाग चमकविता येतो, परंतु गेलेला थर परत येत नाही. एखाद-दुसरा उथळ उभा ओरखडा, ज्यात नख अडकत नाही, तो बारीक पॉलिश पेपरने मऊ करून चालवून घेण्यास हरकत नाही.

रॉड सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. लेथवाल्याकडे दोन आधारांवर ठेवून तो फिरवावा व डायल गेजने पाहावे. मीटरभर लांबीस अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अधिक वाक असल्यास त्याचा भार सीलवर पडतो. किंचित वाक दाबयंत्रावर काढता येतो. फार वाकलेला रॉड बदलावाच. तापवून सरळ केलेला रॉड घेऊ नये, कारण त्याची ताकद व वरील क्रोम दोन्ही बिघडतात.

बॅरल स्वच्छ करून एका टोकाकडून बॅटरीचा उजेड टाकावा व दुसऱ्या टोकाकडून पाहावे. आतील पृष्ठभाग आरशासारखा एकसारखा दिसला पाहिजे. आतील व्यास दोन्ही टोकांशी व मध्यभागी, प्रत्येक ठिकाणी आडवा व उभा, असा मोजून घ्यावा. ६३ मि.मी. च्या नव्या बॅरलचे माप ठरीव मापापेक्षा साधारणतः ०.०७ मि.मी. पर्यंतच अधिक असते. हलक्या खुणा होनिंगने काढता येतात. पण चरे काढण्यासाठी बॅरल बरेच मोठे करावे लागले तर बाजारातील ठरीव मापाचे सील त्यात घट्ट बसत नाही. बाहेरून ठोकर बसून आत पोचा आलेला, मध्ये फुगलेला किंवा जोडाशी तडा गेलेला बॅरल दुरुस्तीच्या फंदात न पडता बाद करावा.

दुरुस्तीचे तीन प्रकार

वरील तपासणीनंतर सिलिंडर पुढीलपैकी एका गटात पडतो.

पहिला गट : रॉड व बॅरल दोन्ही निर्दोष, केवळ सील गेलेले. येथे सीलचा पूर्ण संच व वायपर बदलावा. नवा सिलिंडर घेण्याचे कारण नाही.

दुसरा गट : बॅरल चांगला, रॉड खराब. जुन्या रॉडवर पुन्हा क्रोम चढवून घासून घेता येतो. परंतु हे काम थोड्याच ठिकाणी होते व वेळ खाते. ठरीव मापाचा क्रोम केलेला तयार बार बाजारात मिळतो. त्यापासून लेथवर नवा रॉड करून घेणे बहुधा स्वस्त व लवकर होते. त्यासोबत ग्लँडचा बुश व सर्व सील बदलावीत.

तिसरा गट : बॅरल बाद झालेला. येथे नवा सिलिंडर घेणे हेच शहाणपणाचे.

पहिल्या व तिसऱ्या गटात वादास जागा नाही. खरा विचार दुसऱ्या गटात करावा लागतो.

हिशेब कसा करावा

दुरुस्तीची किंमत व नव्याची किंमत एवढीच तुलना पुरेशी नसते. काम किती दिवस बंद राहील आणि दुरुस्ती किती दिवस टिकेल, हेही हिशेबात धरावे. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर घालावेत.

समजा, सीलचा संच व मजुरी १,५०० रुपये, नवा रॉड धरून पूर्ण दुरुस्ती ५,५०० रुपये आणि नवा सिलिंडर ९,००० रुपये पडतो. हंगामात ट्रॅक्टर एक दिवस थांबला तर ४,००० रुपयांचे नुकसान होते. खराब रॉडवर केवळ सील बदलले तर काम दोन दिवस बंद राहते व दुरुस्ती १५ दिवस टिकते. रॉड बदलल्यास काम तीन दिवस बंद राहते व दुरुस्ती १२० दिवस टिकते. नवा सिलिंडर एका दिवसात बसतो व १६० दिवस टिकतो.

हंगामात हिशेब असा होतो. केवळ सील बदलल्यास एकूण ९,५०० रुपये, म्हणजे कामाच्या दर दिवसास सुमारे ६३३ रुपये. रॉड बदलल्यास १७,५०० रुपये, म्हणजे दर दिवसास सुमारे १४६ रुपये. नवा सिलिंडर घेतल्यास १३,००० रुपये, म्हणजे दर दिवसास सुमारे ८१ रुपये. येथे नवा सिलिंडर परवडतो.

हेच काम नांगर उभा असताना, पावसाळ्यात केले तर थांबण्याचे नुकसान नाही. तेव्हा सीलचा खर्च दर दिवसास १०० रुपये, रॉड बदलण्याचा सुमारे ४६ रुपये व नव्या सिलिंडरचा सुमारे ५६ रुपये येतो. येथे दुरुस्ती परवडते.

सिलिंडर तोच, दोष तोच. परंतु महिना बदलला की उत्तर बदलते. मात्र खराब रॉडवर केवळ सील घालणे हंगामातही महाग पडते व हंगामाबाहेरही. ज्यांना शक्य आहे त्यांनी हंगामात नवा सिलिंडर बसवावा, जुना पावसाळ्यात रॉड बदलून दुरुस्त करावा आणि पुढील वर्षासाठी जवळ ठेवावा. गावात अवजार बँक असल्यास असा एक राखीव सिलिंडर सर्वांच्या उपयोगी पडेल.

नवा घेताना

जुना सिलिंडर सोबत नेऊन बॅरलचा आतील व्यास, रॉडचा व्यास, रॉड आत असतानाची पिन ते पिन लांबी, रॉडची पूर्ण चाल, पिनांचे व्यास व तोंडांचे आटे, ही सहाही मापे ताडून घ्यावीत. चाल कमी असल्यास नांगर पुरता उलटत नाही. अधिक असल्यास नांगराची चौकट अडल्यावरही सिलिंडर ढकलत राहतो आणि पिन अगर चौकट वाकते. व्यासाने मोठा सिलिंडर घेतला म्हणजे काम सुधारेल, असेही नाही. त्यास अधिक तेल लागते व नांगर सावकाश उलटतो.

जिवाची काळजी

हायड्रॉलिक तेलाचा दाब डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा आहे. पाइपच्या सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते व आरंभी फारशी दुखतही नाही; परंतु तिच्यामुळे बोट अगर हात गमावण्याची पाळी येऊ शकते. गळती हाताने चाचपू नये; पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. तेल अंगात शिरल्यास घरगुती उपाय न करता त्वरित शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

उचललेल्या नांगराखाली अगर ट्रॉलीखाली केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. पिस्टन काढण्यासाठी हवेचा दाब वापरू नये. तो गोळीसारखा बाहेर फेकला जातो. दोन्ही तोंडे बंद असलेल्या सिलिंडरवर वेल्डिंग करू नये. आत राहिलेले तेल तापून स्फोट होण्याचा धोका असतो.

झीज कमी कशी करावी

काम संपल्यावर नांगर उभा करताना सिलिंडरचा रॉड शक्यतो आत नेऊन ठेवावा. तसे करता येत नसल्यास उघड्या भागास ग्रीस लावून कापड बांधावे व पुढील हंगामी ते ग्रीस धुळीसह पुसूनच नांगर चालवावा. काकांच्या रॉडवर पडलेले खड्डे नांगरटीत पडलेले नव्हते. उघडा रॉड घेऊन नांगर चार महिने पावसात उभा राहिला, तेव्हाचे ते होते. वायपर फाटल्यास तो लगेच बदलावा. कपलिंगच्या टोप्या हरवू देऊ नयेत. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरचे तेल व हायड्रॉलिकचे तेल एकच असते. अशा ट्रॅक्टरला जोडलेल्या सिलिंडरमधील धातूचा बारीक कीस पंपापर्यंत पोहोचतो आणि सिलिंडरहून कितीतरी अधिक खर्चाचे नुकसान करतो. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, असे समजून ते बदलावे.

शेतकरी बंधूंनी येत्या पावसाळ्यात, नांगर विसाव्याला असताना, रॉड पुसून त्यावरून एकदा नख फिरवून पाहावे. त्यास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे वैशाखात खर्च करावी लागली तर त्यांची किंमत नांगरटीच्या दिवसांत मोजावी लागते.